मोडी वाचता येते, फ्लॉपी वाचता येत नाही

पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही बुधवार पेठेतली दोन ठिकाणं पाठ असतात. एक अप्पा बळवंत चौक, दुसरी तपकीर गल्ली. सेमिस्टर सुरू झालं की चौकात ‘लोकल ऑथर’ची पुस्तकं घ्यायची, शक्यतो जुनी, अर्ध्या किमतीत. प्रोजेक्टची तारीख जवळ आली की तपकीर गल्लीत रेझिस्टर, सेन्सर आणि ब्रेडबोर्ड शोधत फिरायचं. एका ठिकाणी छापलेला कागद, दुसऱ्या ठिकाणी सर्किट, आणि मधलं अंतर पायी दहा मिनिटांचं. मी चार वर्षं हे अंतर कापलं. मराठी लिहिण्या-वाचण्याच्या गेल्या दोनशे वर्षांतला बराचसा इतिहास याच पेठेत आणि तिच्या आसपास घडला आहे, हे मला खूप उशिरा कळलं. अभ्यासक्रमात ते नव्हतं.

डिजिटल माध्यमांमुळे साहित्याचं काय झालं, यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे वाचन संपलं, पोरं मोबाइलमध्ये गेली. दुसरं म्हणजे सगळं ज्ञान आता खिशात आलं. दोन्ही ऐकून झाल्यावरही एक प्रश्न उरतो. माध्यम बदलतं तेव्हा जुन्यातलं नव्यात नेतं कोण? आणि जे नेलं जात नाही, त्याचं पुढे काय होतं? याआधी हे एकदा होऊन गेलेलं असल्यामुळे या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधता येतं.

एक वाडा, एक शाळा आणि एक निबंध

अप्पा बळवंत चौकाला नाव मिळालं ते पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्यावरून. त्यांचे वडील बळवंतराव मेहेंदळे पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या डिसेंबरात मारले गेले. याच पेठेत दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा होता. पेशवाई गेल्यावर तो इंग्रजांच्या ताब्यात आला आणि त्यात सरकारी कामकाज सुरू झालं. १८४८ साली याच वाड्यात ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली. ती काढण्यात पुढाकार होता गोपाळ हरी देशमुख यांचा, म्हणजे लोकहितवादींचा. १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाडा आगीत जळाला. वाडा गेला, पण संस्था टिकली. आज ती ‘पुणे नगर वाचन मंदिर’ या नावाने बुधवार पेठेतच आहे.

त्याच १८४८ साली, त्याच पेठेत, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. मोडकळीला आलेला तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला, कारण तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे.

एकाच वर्षी, एकाच पेठेत, एक ग्रंथालय आणि एक मुलींची शाळा. दोघांच्या मागे गोष्ट एकच होती, ती म्हणजे छापखाना. हाताने लिहिलेली पोथी एका घरात असते आणि ती कुणाला दाखवायची हे ते घर ठरवतं. छापलेल्या पुस्तकाच्या शेकडो प्रती निघतात आणि ती कुणाच्या हाती जातील हे छापणाऱ्याच्याही हातात राहत नाही. मराठीत ही सुरुवात थोडी आधी झाली होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पंचांगाला हात लावायला कचरत, तेव्हा त्यांनी शाई तुपात केली असं सांगतात. तुपाची गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या काळातला संशय तिच्यातून नीट कळतो. नव्या माध्यमाला घरात घेण्याआधी लोक त्याची जात विचारत होते.

आणि मग १८५५ साल. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असा थेट प्रश्न तिने त्यात विचारला आहे. पोथीच्या जगात हा मजकूर लिहिला जाणं अवघड होतं, नकलून पुढे जाणं तर अशक्यच, कारण नकला करण्याचं काम ज्यांच्या हातात होतं त्यांनी तो नकलला नसता. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचं पत्र होतं. त्याने तो छापला आणि म्हणूनच आज तो निबंध तुम्ही फोनवर शोधून पाच मिनिटांत वाचू शकता.

नव्या माध्यमाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मुक्ता साळवेचं नाव जरूर घ्यावं. माध्यम बदललं की जुन्या राखणदारांची पकड ढिली होते आणि आजवर ज्याला बोलू दिलं नव्हतं तो बोलतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इंटरनेटवर मराठीत हेच दिसलं. ‘मायबोली’सारखं संकेतस्थळ १९९६ साली परदेशातल्या मराठी माणसांनी सुरू केलं, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया आला, आणि संपादकाच्या टेबलापर्यंत ज्यांचं पाकीट कधी पोचलं नसतं असे हजारो लोक मराठीत लिहू लागले.

पण त्याच छापखान्याने एक दार बंदही केलं.

जी लिपी छापखान्यात मावली नाही

शिवकालापासून पेशवाईपर्यंत आणि नंतरही कितीतरी वर्षं मराठी माणूस रोजचा व्यवहार देवनागरीत लिहीत नव्हता, तो मोडीत लिहीत होता. सनदा, महजर, हिशेब, घरगुती पत्रं, सगळं मोडीत. बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, ही पोथ्यांची आणि शिकाऊ मुलांची लिपी होती. म्हणून तर तिचं नाव बाळबोध.

मोडी भरभर लिहिण्यासाठी घडलेली लिपी आहे. हात न उचलता लिहीत जायचं, त्यामुळे अक्षरं एकमेकांत गुंततात आणि स्वरचिन्ह लागलं की अनेक अक्षरांचा आकारच बदलतो. बोरूला हे सोयीचं होतं. छापखान्याच्या खिळ्याला मात्र ते डोकेदुखीचं होतं, कारण खिळा म्हणजे शिशाचा सुटा तुकडा, एका आकाराचा, शेजारच्याशी फटकून उभा राहणारा. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम केरीने १८१० साली काढलेल्या मराठी कोशात मोडी अक्षरं छापलेली आहेत. पण शालेय पुस्तकं, वर्तमानपत्रं, कादंबऱ्या हा सगळा नवा मजकूर बाळबोधीत छापला जाऊ लागला. माणसं वाचायची एका लिपीत आणि लिहायची दुसऱ्या, असं बराच काळ चाललं. मग लिहिणंही वाचण्याच्या मागे गेलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली.

मोडी बंद करण्याचा कट कुणी केला नव्हता. ती खिळ्यात नीट बसत नव्हती, एवढंच. आणि दोन पिढ्यांत, ज्या भाषेत सातशे वर्षं लिहिलं गेलं त्या भाषेच्या लोकांना आपल्याच पणजोबाचं पत्र वाचता येईनासं झालं.

पुण्यातल्या पेशवे दप्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. ते वाचून नव्या लिपीत आणण्याचं काम हातानेच करावं लागलं. गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने गावोगावची दप्तरं गोळा केली. हे लोक एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात सामान वाहून नेणारे हमाल होते, हे मी अत्यंत आदराने म्हणते. त्यांनी जेवढं उचललं तेवढं आज इतिहासाच्या पुस्तकांत आहे. उरलेलं रुमालांत बांधलेलं आहे.

हा विषय फक्त अभ्यासकांचा आहे असं वाटत असेल तर २०२३ आठवा. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या महसुली आणि इतर नोंदी काढल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी मोडीत होत्या आणि अचानक जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. एखाद्या मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशाचा कागद पणजोबाच्या काळातल्या अशा नोंदीत अडकलेला होता, जी त्याच्या घरात, गावात, कदाचित तालुक्यातही कुणाला वाचता येत नव्हती. छापखान्यात कोणती लिपी मावली आणि कोणती नाही, या जुन्या तांत्रिक तपशिलाचं बिल दीडशे वर्षांनी आलं होतं.

सर्च इंजिन, १९४३

वाहून नेण्याआधी आपल्याकडे काय काय आहे हे माहीत असावं लागतं. इथे आणखी एका माणसाचं नाव घ्यायला हवं, शंकर गणेश दाते. मराठीत १८०० पासून १९३७ पर्यंत छापल्या गेलेल्या पुस्तकांची सूची त्यांनी केली आणि ती १९४३ साली ‘मराठी ग्रंथसूची’ म्हणून प्रसिद्ध झाली. पुढच्या खंडात १९५० पर्यंतची पुस्तकं आली. कॉम्प्युटर नाही, फोटोकॉपी नाही. ग्रंथालयं पालथी घालायची, पुस्तक हातात घ्यायचं, नाव, लेखक, वर्ष, छापखाना, पानं टिपायची आणि विषयवार लावायचं.

माझ्या धंद्यात याला इंडेक्स म्हणतात. सर्च इंजिन इंटरनेट शोधत नाही, आधी बनवून ठेवलेला इंडेक्स शोधतं. जे इंडेक्समध्ये नाही ते तुमच्या स्क्रीनपुरतं जगात नाही. दात्यांनी ज्याची नोंद केली नाही असं एखादं १८७० सालचं चोपडं आज कुठल्या तरी कपाटात असेलही, पण ते शोधायला कुणी जाणार नाही, कारण ते आहे हेच कुणाला ठाऊक नाही.

खिळ्यांकडून बाइटकडे

आता आपल्या काळाकडे येऊ. कॉम्प्युटर आला तेव्हा मराठीसमोर खिळ्यांचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा आणि तो आकडा जगभर एकच आहे असं ठरवायचं, की झालं. ठरवणं मात्र सोपं नव्हतं.

भारतीय लिपींसाठीचं पायाभूत काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुढे पुण्यात वाढलं. १९८८ मध्ये स्थापन झालेलं सी-डॅक लोकांना ‘परम’ महासंगणकामुळे माहीत असतं, पण भारतीय लिपींच्या तंत्रज्ञानाचं, म्हणजे ‘जिस्ट’चं कामही तिथलंच. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिपींचं मानक जाहीर झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली होती. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर मराठी अक्षराला जगमान्य आकडा १९९१ मध्येच मिळाला होता.

बाजारात मात्र वेगळंच चाललं होतं. नव्वदच्या दशकात पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सगळं डीटीपीवर गेलं. डीटीपी म्हणजे पेजमेकर, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. मग फाँट बनवणाऱ्यांनी एक जुगाड केला. एका बाइटमध्ये २५६ जागा असतात आणि त्यांत मुळात इंग्रजी आणि युरोपीय अक्षरं बसलेली असतात. त्याच जागांवर मराठी आकार बसवायचे. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी दाखवतोय, डोळ्यांना दिसतं मराठी. श्री-लिपीसारखी पुण्यातच तयार झालेली सॉफ्टवेअर याच काळात घरोघरच्या छपाईची भाषा झाली. त्यांनी मराठी छपाई सोपी आणि स्वस्त केली, हे मान्यच करायला हवं. पण प्रत्येक कंपनीने, आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन फाँटांनी, कुठल्या जागेवर कुठला आकार ठेवायचा हे आपापलं ठरवलं. तो फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर दिसतो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा.

हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि हाताने सोडवणं वेगळं. दोन वर्षांपूर्वी आईच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला एक सीडी दिली. नव्वदच्या दशकात त्यांनी आपल्या तालुक्यातल्या शेतीच्या शब्दांचं एक लहानसं पुस्तक केलं होतं. विहिरीवर मोट चालायची तेव्हाचे शब्द: बैल ज्या उतारावरून चालतात ती धाव, जाड दोर म्हणजे नाडा, बारीक दोर म्हणजे सोल, पाणी जिथे ओतलं जातं ते थारोळं. विजेचे पंप आले, मोटा गेल्या, आणि शब्द त्या पुस्तकात राहिले. तीनेकशे प्रती छापल्या होत्या, त्यांतली एकच घरात शिल्लक. ज्याने टाइप केलं त्या ऑपरेटरचं दुकान केव्हाच बंद झालेलं. सरांचं म्हणणं साधं होतं, “तू कॉम्प्युटरची आहेस ना? मग हे नातवाच्या मोबाइलवर दिसेल असं करून दे.”

फाइल उघडली. चिवडा. मग मी छापील प्रत शेजारी ठेवून कोणत्या आकड्याला कोणता आकार आहे याचा तक्ता बनवायला घेतला. इथपर्यंत वाटलं की हा एका रविवारचा खेळ आहे. खरी गंमत पुढे होती. जुने फाँट अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवतात आणि युनिकोड उच्चारतो त्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती ‘क’च्या आधी होती, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. ‘धर्म’मधला रफार ‘म’च्या डोक्यावर असतो, म्हणून फाइलमध्ये तो ‘म’च्या नंतर होता. उच्चारात ‘र्’ आधी येतो, म्हणून त्याला मागे सरकवायचं. त्यात त्या फाँटमध्ये ‘प’ हे अक्षर अख्खं नव्हतंच, अर्धा ‘प्’ आणि त्याला लावलेला दांडा असा तो दोन तुकड्यांत होता. आणि तो दांडा म्हणजेच काना. आता हा दांडा ‘प’चा की कान्याचा, हे प्रोग्रामने शेजारपाजार बघून ठरवायचं.

तीन शनिवार-रविवार गेले. बहुतेक मजकूर सुटला, पण दीडेकशे शब्द असे राहिले की प्रोग्रामने दोन वाचनं दिली आणि दोन्ही पटण्यासारखी होती. शब्दकोशाशी ताडून पाहावं तर हे शब्द कोशात नव्हतेच, म्हणून तर पुस्तक केलेलं. शेवटी यादी काढली, सरांना फोन लावला आणि ते एकेक शब्द म्हणत गेले, मी दुरुस्त करत गेले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे.

तेव्हा माझ्या लक्षात आलेली गोष्ट या लेखाच्या शीर्षकात आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद मी आज वाचू शकते. महिनाभराचा वर्ग लावायचा, सराव करायचा, कागद डोळ्यांसमोर असतो आणि त्यावरची शाईही. पण १९९६ ची फ्लॉपी? आधी ती वाचणारं यंत्र हवं, मग तेव्हाचं सॉफ्टवेअर, मग तो फाँट, कधी त्या सॉफ्टवेअरचं डाँगलही. यांतली एक कडी तुटली की आतला मजकूर गेला. कागद फाटतो, उरलेलं वाचता येतं. फाइल अशी अर्धीमुर्धी जगत नाही.

मधली पिढी

म्हणून मला वाटतं, मराठीत आज सगळ्यांत जास्त धोक्यात आहे तो साधारण १९८५ ते २०१० या काळातला मजकूर, आणि धोक्याचं कारण फक्त तांत्रिक नाही.

हिशेब करून बघा. एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं आता स्कॅन होऊन मिळतात, कारण त्यांच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. मराठी विकिस्रोतावर अशी पुस्तकं स्वयंसेवक अक्षर अक्षर तपासून चढवतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली पुस्तकं ई-बुक आणि ऑडिओबुक म्हणून मिळतात, कारण त्यांना बाजार आहे. मधल्या काळातलं काय? जी विकली जातात ती पुन्हा छापली जातात. पण गावोगावच्या लहान प्रकाशनांची पुस्तकं, दलित आणि ग्रामीण चळवळींतल्या पुस्तिका, दोन-चार वर्षं चालून बंद पडलेली लघुनियतकालिकं, सरांच्या पुस्तकासारखे स्थानिक कोश? त्यांच्यावर हक्क आहे, म्हणून कुणी खुलं करू शकत नाही. त्यांना बाजार नाही, म्हणून कुणी पुन्हा छापत नाही. आणि फाइल आहे ती अशा फाँटमध्ये की तिचा उपयोग नाही. जे मुक्ता साळवेच्या बाजूचं होतं, म्हणजे ज्याला मुख्य दारातून प्रवेश नव्हता, तेच नेमकं पुन्हा दाराबाहेर राहायची शक्यता आहे.

कुणी म्हणेल, स्कॅन करून पीडीएफ बनवली की झालं. अप्पा बळवंत चौकात आता पुस्तक विचारण्याआधी मुलं ग्रुपवर “पीडीएफ आहे का?” विचारतात, ते मला कळतं, मीही विचारलं आहे. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द नाहीत, शब्दांचं चित्र आहे. सर्चला ते दिसत नाही, आंधळ्या वाचकाच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही, आणि मराठी शिकणाऱ्या नव्या यंत्रांनाही ते मिळत नाही. चित्रातून मजकूर काढणारी सॉफ्टवेअर मराठीसाठी आहेत आणि ती सुधारतही आहेत. तरी शेवटी कुणीतरी माणूस बसून ‘थारोळं’ बरोबर आलं की ‘धारोळं’ झालं, हे बघतो तेव्हाच तो मजकूर खरा.

युनिकोडमध्ये आलं म्हणजेही सगळं सुरळीत झालं असं नाही. ‘वाऱ्यावर’मधला तो आडवा अर्धा र घ्या. मराठीची खास खूण. तो युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या सर्चमध्ये एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. ‘ॲ’ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, योगायोगाने ॲपलचं ॲप स्टोअरही त्याच वर्षी सुरू झालं. तोवर ‘ॲ’ लोक ‘अ’वर चंद्र चढवून लिहीत होते आणि अजूनही कितीतरी कीबोर्ड तसंच लिहितात. राज्य सरकारने २००९ मध्ये शासन निर्णय काढून देठाचा श आणि पाकळीचा ल मराठीसाठी प्रमाण ठरवला. तुमच्या फोनवर बघा, बहुतेक वेळा हिंदी वळणाचा ल दिसेल. ही किरकोळ भांडणं वाटतात. मोडीचीही सुरुवात अशीच किरकोळ होती.

नाव कुठे लिहायचं

माध्यम बदललं की मजकुराचं जे होतं तेच लेखकाच्या नावाचंही होतं. व्हॉट्सॲपवर फिरणारी कविता तुमच्यापर्यंत येईतो तिच्याखालचं नाव गळालेलं असतं, किंवा तिथे एखाद्या मोठ्या कवीचं नाव चिकटलेलं असतं. याला आपण सोशल मीडियाचा रोग म्हणतो. पण तोंडी परंपरेत हा प्रश्न होताच, आणि संतांनी त्यावर फार हुशार तोडगा काढला होता. त्यांनी नाव कवितेच्या खाली न लिहिता कवितेच्या आत, छंदात बसवून ठेवलं. नामा, जनी, तुका, चोखा: शेवटच्या चरणातली ही नाममुद्रा काढायला गेलं तर अभंगच लंगडा होतो. तरी लोकांनी स्वतःच्या ओळींना मोठ्या संतांच्या मुद्रा लावल्याच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या मिळवून पाठ शुद्ध केला, तो नकलांच्या अशाच गोंधळामुळे. फॉरवर्डचा रोग जुना आहे. त्यावरचं औषधही जुनंच आहे: मूळ शोधणारा, पाठ ताडून बघणारा माणूस.

अशा माणसांचं आपल्या काळातलं पुण्यातलं उदाहरण म्हणजे गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर. गावोगावच्या बायका पहाटे दळताना ज्या ओव्या गात त्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले आणि दळताना गायचं निमित्त गेलं. या ओव्या कधी छापखान्यात गेल्या नव्हत्या. गाणारीचं नाव आणि गाव यांच्यासकट त्या लिहून घेतल्या गेल्या आणि आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर २०१७ पासून आवाज आणि शब्दांसह येत आहेत. जात्यावरून थेट फोनवर, मधला छापखाना वगळून. डिजिटल माध्यमाने मराठीला दिलेल्या चांगल्या गोष्टींमध्ये मी हिला फार वर ठेवते, कारण इथे तंत्रज्ञानाच्या आधी चालत गावात जाणारी माणसं होती.

अजून वेळ आहे

प्रत्येक बदलात एक पिढी अशी असते जिला जुनं आणि नवं दोन्ही येतं. मोडी आणि बाळबोध दोन्ही येणाऱ्या पिढीने जेवढं उतरवून ठेवलं तेवढं वाचलं. तशी आपली पिढी आत्ता जिवंत आहे: ज्यांनी त्या फाइली टाइप केल्या ते ऑपरेटर, ज्यांनी ती पुस्तकं लिहिली ते लेखक, आणि ज्यांना तो तक्ता बनवून प्रोग्राम लिहिता येतो अशी आमच्यासारखी हिंजवडीत बसणारी मंडळी. आणखी पंधरा-वीस वर्षांनी यांतले पहिले दोघे नसतील. मग तिसऱ्याने कितीही चांगला प्रोग्राम लिहिला तरी ते दीडशे शब्द विचारायला फोन कुणाला लावणार?

त्यासाठी मोठी योजना लागतेच असं नाही. घरात कुणाचं छापलेलं पुस्तक असेल, गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक असेल, बंद पडलेल्या मासिकाची सीडी असेल, तर लेखक हयात आहे तोवर त्याची परवानगी लेखी घ्या. फाइल असेल तर फाँटसकट उतरवून ठेवा, छापील प्रत फेकू नका. आणि जमलं तर एक पान स्वतः युनिकोडमध्ये टाइप करून बघा. एक पान टाइप करायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात दात्यांनी आणि सरदेसायांनी काय केलं असेल याचा अंदाज येतो.

जाता जाता मोडीबद्दल एक बातमी. २०१४ च्या जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला जागा मिळाली. जी लिपी शिशाच्या खिळ्यात मावली नाही, तिच्या प्रत्येक अक्षराला आता स्वतःचा आकडा आहे. तिचे फाँट फुकट मिळतात. छापखान्याने जे दार लावलं होतं ते संगणकाने दोनशे वर्षांनी उघडून दिलं आहे. पलीकडे कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि ते वाचून टाइप करणारे लोक अजून हवे आहेत.